ब्लोअर फक्त चारवर चालतो: रेझिस्टर पुन्हा पुन्हा का जळत होता, त्याच्या नोंदी

गाडी: 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल एसी, चार स्पीडचा ब्लोअर (हवा आत फेकणारा पंखा आणि त्याची मोटर), एसीचा गॅस आर-134ए. रोजची फेरी सोलापुरात, होटगी रोड ते अक्कलकोट रोड एमआयडीसी. गाडी दिवसभर टॉवेल कारखान्याच्या शेडशेजारी उभी असते, रात्री लिंबाच्या झाडाखाली.

7 एप्रिल 2025, सोमवार

तक्रार: एक, दोन, तीनवर ब्लोअर मुका, फक्त चारवर चालतो. आठवडाभरापासून चारवरही मध्येच बंद पडतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की पुन्हा सुरू होतो. गेल्या आठ महिन्यांत रेझिस्टर, म्हणजे खालच्या तीन स्पीडना मोटरचा करंट कमी करणारा भाग, दोनदा बदलून झाला आहे. ही शेवटची माहिती सगळ्यांत मोलाची. एकदा जळलेला रेझिस्टर जुना म्हणून गेला असं मानता येतं. तिसऱ्यांदा जळतो तेव्हा त्याला जाळणारं दुसरंच काहीतरी असतं, आणि ते सापडल्याशिवाय नवा बसवायचा नाही असं आधीच ठरवलं.

आधी या गाडीचं सर्किट. बॅटरीतून 30 अँपिअरची फ्यूज, मग रिले, मग मोटरची प्लस. मोटरच्या मायनसची वायर रेझिस्टरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) कॉमन, म्हणजे सगळ्या स्पीडच्या सामाईक पिनला येते. तिथून वायरी स्विचकडे जातात आणि स्विच त्यांना बॉडी अर्थ देतो. म्हणजे स्विच अर्थच्या बाजूला आहे. चार नंबरला करंट रेझिस्टरच्या गुंडाळीतून जात नाही, थेट अर्थला जातो, पण कपलरची कॉमन पिन त्याच्याही वाटेत आहेच.

चारवर मोटर फिरते, म्हणजे फ्यूज, रिले, मोटर आणि अर्थ किमान जिवंत आहेत. खालचे तिन्ही स्पीड एकदम गेलेत, म्हणजे रेझिस्टरवरची थर्मल फ्यूज (फार तापली की तुटणारी) किंवा पहिली गुंडाळी तुटली आहे. गुंडाळ्या एकामागे एक असतात, त्यामुळे शेवटची तुटली तर फक्त एक नंबर जातो आणि पहिली तुटली तर तिन्ही जातात. चारही स्पीड बंद असते तर फ्यूजपासून सुरुवात केली असती. चारच बंद आणि बाकी चालू असते तर स्विच किंवा चारची वायर पाहिली असती.

इंजिन चालू, स्विच चारवर, क्लॅम्प मीटर मोटरच्या प्लस वायरवर: 15.8 अँपिअर. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, मोटरच्या कपलरवर 11.9. दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत आहेत. हे शोधणं उद्यावर.

8 एप्रिल, मंगळवार

ग्लोव्ह बॉक्स उतरवला. दोन्ही बाजूंचे स्टॉपर आत दाबले की तो खाली लोंबतो, मग बिजागरीतून ओढून काढायचा. बॅटरीची निगेटिव्ह आधीच काढलेली. डावीकडे एअरबॅग असलेल्या गाडीत निगेटिव्ह काढल्यावर थोडा वेळ थांबायचं आणि पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही.

रेझिस्टर ब्लोअरच्या पुढे हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, दोन स्क्रूंवर. हवा लागली तरच तो थंड राहतो, म्हणून तिथे. कपलर सहज निघाला नाही. लॉक दाबूनही चिकटून बसला होता. सपाट स्क्रूड्रायव्हरने कड उचलून हलवत हलवत काढला तेव्हा कॉमन पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन आत बसलेलं दिसलं. फिमेल पिनचे दोन्ही ओठ निळे-काळे पडून सैल झाले होते. नवी मेल पिन त्यात घातली तर स्वतःच्या वजनाने बाहेर सरकते. खड्ड्यात आपटल्यावर ब्लोअर का चालू व्हायचा, त्याचं उत्तर हेच.

रेझिस्टर मीटरवर घेतला. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या तर 0.2 ओहम दाखवतो, ते प्रत्येक रीडिंगमधून वजा केले. कॉमन ते तीन: काहीच नाही, ओपन. तीन ते दोन: 0.7. दोन ते एक: 1.2. गुंडाळ्या शाबूत, थर्मल फ्यूज उडालेली. या मॉडेलला कॉमनपासून तीनपर्यंत 0.5, दोनपर्यंत 1.2 आणि एकपर्यंत 2.4 ओहम यायला हवेत.

थर्मल फ्यूजच्या जागी तार लावून गाडी सोडून देतात, हे पुष्कळ ठिकाणी दिसतं. कृपा करून करू नका. ती फ्यूज करंट पाहत नाही, उष्णता पाहते. पंखा जाम झाला आणि हवा थांबली तर लाल झालेली गुंडाळी आणि प्लास्टिकचा डबा यांच्यामध्ये तेवढाच एक पहारेकरी आहे.

कपलर तात्पुरता बसवला, बॅटरी जोडली, इंजिन चालू, चार नंबर. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्च होणारं व्होल्टेज, मोजायचा तो लोड चालू असतानाच. करंट वाहत नसेल तर सडलेली पिनसुद्धा मीटरवर निरोगी दिसते.

बॅटरी प्लस ते मोटर प्लस: 0.3 व्होल्ट, ठीक. कपलरच्या मागून वायरीच्या बाजूने बारीक पिन घालून कॉमनचा सांधा मोजला: 1.3 व्होल्ट. स्विच: 0.25. बाकी वायरी आणि बॉडी अर्थ मिळून 0.15. एकूण दोन, हिशोब जुळला.

1.3 व्होल्ट आणि 15.8 अँपिअर यांचा गुणाकार वीस वॅटच्या वर जातो. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न असते, जवळजवळ तेवढी उष्णता एका पिनेच्या ओठांत रोज तयार होत होती. पिन तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, पकड ढिली होते, सांध्याचा रोध वाढतो, मग ती आणखी तापते. आधीच्या दोन्ही वेळा नवा रेझिस्टर याच भाजलेल्या कपलरमध्ये खोचला गेला होता.

फ्यूज का उडाली नाही, हा प्रश्न हमखास येतो. फ्यूज 30 ची आहे आणि करंट 16 च्या आत आहे. फ्यूज वायरीतला जास्तीचा करंट ओळखते. सैल सांधा उलट करंट किंचित कमीच करतो, म्हणून कपलर वितळला तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही.

9 एप्रिल, बुधवार

आता मोटर. कपलर जळाला हे खरं, पण मोटरच्या बाजूला 11.9 व्होल्ट असताना 15.8 अँपिअर हे या आकाराच्या मोटरला जास्त आहे. चांगली मोटर साडेतेरा व्होल्टवर 12 च्या आसपास घेते.

30 ची फ्यूज घातलेल्या जंपर वायरीने मोटरला जागेवरच थेट बॅटरी दिली, इंजिन बंद, 12.5 व्होल्ट: 16.7 अँपिअर. गाडीचं वायरिंग बाजूला काढलं तरी भूक तीच. दोष मोटरमध्ये आहे, नक्की.

मोटर डाव्या सीटच्या पायांकडून खाली निघते, तीन स्क्रू. बाजूला एक छोटी रबरी नळी असते, ती ब्लोअरच्या डब्यातली थोडी हवा मोटरच्या पोटात नेते, कार्बन आणि कम्यूटेटर (कार्बन ज्यावर घासून फिरत्या भागाला वीज देतात तो तांब्याचा गोल) थंड ठेवायला. काढताना ती आत पडू देऊ नये आणि बसवताना विसरू नये. ही नळी नसलेली मोटर चालते, पण फार दिवस नाही.

पंख्यात अडीच मुठी सुताची लव आणि लिंबाच्या काड्या. पाती लवेने इतकी भरलेली की एकेका फटीतून पलीकडचं दिसेना. हाताने फिरवला तर एका जागी अडतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला गंजाचा लाल कडा, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बैठक) कोरडा.

एक सावधगिरी: मोटर बाहेर काढून पंख्यासकट चालवली आणि करंट मोजला तर त्या आकड्याचा गाडीतल्या आकड्याशी मेळ लागत नाही, कारण पंख्याभोवतीचा गोल डबाच नसतो. म्हणून पंखा काढून रिकाम्या मोटरचा करंट पाहायचा. ही मोटर रिकामी फिरताना 5.9 अँपिअर घेते आणि सोडल्यावर लगेच थांबते. चांगली मोटर दोन-अडीचवर राहते आणि वीज तोडल्यावरही काही क्षण फिरत राहते.

करंट वाढतो तो असा: मोटर फिरताना उलट व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला आवरून धरतं. बुश अडला की फेरे कमी होतात, उलट व्होल्टेज घटतं आणि करंट चढतो. आता रेझिस्टरकडे या. तीन नंबरवर चांगली मोटर 7.8 अँपिअर घेते. 0.5 ओहममध्ये त्याची उष्णता 30 वॅट. या मोटरने तिथे 9.8 घेतले असते, म्हणजे 48 वॅट. करंट पाव पटीने वाढला, उष्णता दीडपटीहून जास्त, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते.

बुशात तेल सोडून मोटर चालवता येईल का, हा विचार केला आणि सोडला. गंजाने शाफ्टला खाच पडली आहे, कार्बनही पाऊण झिजलेत. तेलाचा थेंब कम्यूटेटरवर गेला तर कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो आणि पंधरा दिवसांत मोटर परत. बुश नुसता कोरडा असता, शाफ्ट गुळगुळीत असता, तर सोडलं असतं.

शाफ्टवर पाणी कुठून आलं ते शोधायला वायपरखालची जाळी उचलली. लिंबाचा पाला कुजून काळी माती झालेली, पाणी वाहून जायची दोन्ही भोकं बुजलेली. गाडी धुताना आणि पावसात पाणी तिथे तळ्यासारखं साचतं आणि हवा ओढायच्या तोंडातून थेट ब्लोअरवर गळतं. पाला काढला, भोकं तारेने मोकळी केली, बादलीभर पाणी ओतून पाहिलं. दोन्ही चाकांमागे सरळ खाली पडतं.

11 एप्रिल, शुक्रवार

सामान आणलं: मोटर पंख्यासकट, रेझिस्टर, वायरी लावलेला नवा कपलर, एसी फिल्टर, चिकट लाइनिंगचा हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), जोडाच्या तांब्याच्या नळ्या.

मोटर घेताना जुनी सोबत न्यावी. पाहायचं ते असं: बैठकीची तिन्ही भोकं, शाफ्टची लांबी, पंख्याचा व्यास आणि उंची, कपलरची चावी, फिरण्याची दिशा. शेवटचं बहुतेक जण पाहत नाहीत. या मोटरी कायम चुंबकाच्या असतात, प्लस-मायनस उलटले की उलट्या फिरतात. गंमत अशी की पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, फक्त निम्म्याहून कमी. मग मोटर नवी, आवाज बरोबर, हवा नाही, आणि दोष शोधता शोधता दिवस जातो. पंख्याच्या पात्यांचा बाक पाहून दिशा आधीच ठरवावी.

पहिल्या दुकानात दाखवलेला रेझिस्टर मीटरवर घेतला तर कॉमन ते तीन 0.9 आला. पिना जुळतात, बसलाही असता. तीन नंबरवर हवा कमी मिळाली असती, एवढंच नाही, उष्णताही वेगळ्या ठिकाणी पडली असती. परत केला. दुसऱ्या दुकानातला 0.5, 1.2, 2.4 बरोबर. मीटर खिशात घेऊन जाण्याचा हा फायदा.

12 एप्रिल, शनिवार

कपलरचं काम, सगळ्यांत सावकाश केलेलं.

जळक्या पिनेपासून वायर कापत मागे गेलो. इन्सुलेशन कडक, आत तांबं काळं. काळ्या तांब्यावर जोड कधीच टिकत नाही, कितीही घट्ट दाबला तरी. चकचकीत तांबं दिसेपर्यंत सात सेंटिमीटर कापावं लागलं. नव्या कपलरवर कॉमनची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची आहे हे पाहून घेतलं. बाजारात चारही वायरी एकसारख्या बारीक दिलेले कपलर मिळतात, ते घ्यायचे नाहीत. बाकीच्या तीन 1.5 च्या.

प्रत्येक वायर आठ मिलिमीटर सोलली, तांब्याच्या नळीत दोन्हीकडून घातली, क्रिंपिंग पक्कडीने दोन ठिकाणी दाबली, जोरात ओढून पाहिली. वरून हीट श्रिंक, कडेने चिकट द्रव बाहेर येईपर्यंत तापवला. चारही जोड एका ओळीत न घेता दोन-दोन सेंटिमीटर पुढे-मागे ठेवले, म्हणजे गठ्ठा होत नाही आणि एक उघडा पडला तरी शेजारच्याला टेकत नाही. पीळ मारून काळी टेप गुंडाळण्याचा जोड सोलापुरात एक उन्हाळासुद्धा काढत नाही. दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डच्या आत टेपचा डिंक पातळ होऊन टेप सरकते आणि पीळ उघडा राहतो.

स्विचमागचा कपलरही काढून पाहिला. पिना पिवळसर पण घट्ट. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पुन्हा बसवला. 0.25 व्होल्टचा ड्रॉप तिथे होता, तो नवी मोटर लागल्यावर कमी व्हायला हवा. नाही झाला तर स्विच बदलायचा.

14 एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती, काम बंद.

15 एप्रिल, मंगळवार

मोटर बसवली. बसवण्याआधी ब्लोअरच्या डब्यात हात घालून सगळीकडून पुसून घेतलं. एक काडी राहिली तरी टकटक आवाज येतो. स्क्रू लावण्याआधी पंखा हाताने दोन फेरे फिरवला, कुठे घासत नाही. रबरी नळी जागेवर.

रीडिंग, इंजिन चालू, बॅटरी 13.9:

चार नंबर: मोटरवर 13.4 व्होल्ट, 12.0 अँपिअर. तीन: 7.8. दोन: 5.3. एक: 3.5. कपलरच्या कॉमन सांध्यात ड्रॉप 0.04 व्होल्ट. स्विचवर 0.15, स्विच राहू दिला.

आता एक प्रयोग, कारण या मुद्द्यावर गॅरेजात कायम वाद होतो. फिल्टर चोक झाला की मोटरवर लोड येतो आणि रेझिस्टर जळतो, असं सर्रास सांगितलं जातं. चार नंबर चालू ठेवून हवा ओढायच्या तोंडावर पुठ्ठा धरला. करंट 12.0 वरून 8.4 वर आला आणि मोटरचा आवाज बारीक होऊन चढला. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवल्यावर होतं, तसंच. हवाच उचलायची नाही म्हटल्यावर पंख्याला काम उरत नाही, तो मोकळा फिरतो आणि करंट घटतो.

तरीही चोक फिल्टर रेझिस्टर जाळतो हे खरंच आहे, फक्त वाट वेगळी. एक, दोन, तीनवर रेझिस्टरमध्ये तीस वॅटच्या आसपास उष्णता होतेच. ती उडवून न्यायला हवा लागते. हवा नाही तर तीच उष्णता गुंडाळीत साचते. या गाडीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या: अडलेली मोटर उष्णता वाढवत होती आणि लवेने भरलेला पंखा व फिल्टर ती बाहेर जाऊ देत नव्हते.

जुना फिल्टर काढला तेव्हा त्याच्या घड्या दिसतच नव्हत्या. वर पांढऱ्या लवेची जाड गादी, बोटाने उचलली तर सबंध चादरीसारखी निघाली. टॉवेलच्या मागाजवळ गाडी उभी करणाऱ्याने फिल्टर दर तीन महिन्यांनी काढून झटकावा आणि वर्षातून एकदा बदलावा. नवा बसवताना बाणाची दिशा पाहावी.

16 एप्रिल, बुधवार

ब्लोअर दुरुस्त, पण चार नंबरवर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून हवेचा वेग फक्त 3.1 मीटर प्रति सेकंद. मोटर पूर्ण फिरते, फिल्टर नवा, तरी हवा नाही. मग कूलिंग कॉइल, जिच्यावरून जाताना हवा गार होते.

आधी गॅसचं पाहिलं. सकाळी थंड गाडीवर, 30 अंशांना, दोन्ही गेजवर 97 पीएसआय. या आकड्यावरून आत थोडा तरी द्रव गॅस आहे एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही, कारण द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानानेच ठरतो.

दुपारी बाहेर 41, एसी चालू, इंजिन 1500 फेऱ्यांवर, हवा आतल्या आत फिरवलेली: लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) 21 ते 24, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा) 190, कॉम्प्रेसर दर चाळीस सेकंदांनी कट. जाळीत 9 अंश. गार आहे, पण हवाच थोडी, त्यामुळे मागच्या सीटवर उकाडा तसाच.

इथे घाई केली की चूक होते. लो साइड कमी दिसली म्हणून लगेच गॅस भरतात. गॅस खरंच कमी असता तर हाय साइडही पडलेली असती आणि जाळीतली हवा इतकी गार नसती. इथे कॉइलवरून पुरेशी उष्ण हवा जात नाही म्हणून तिच्यातला गॅस नीट उकळत नाही, दाब खाली जातो, कॉइल बर्फाच्या जवळ येते आणि थर्मिस्टर (तिचं तापमान पाहणारा सेन्सर) कॉम्प्रेसर तोडतो. वर अजून गॅस घातला असता तर कॉइल साफ झाल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात हाय साइड नको तेवढी चढली असती.

रेझिस्टरच्या भोकातून नळीचा कॅमेरा आत घातला. कॉइलच्या तोंडावर करड्या रंगाचं नमदं, डावा खालचा कोपरा सोडला तर एकही पट्टी दिसत नव्हती. फिल्टर कधीतरी बरेच महिने काढून ठेवलेला असणार, त्याशिवाय एवढी लव आत पोचत नाही.

17 एप्रिल, गुरुवार

कॉइल धुण्याआधी पाणी बाहेर जायची नळी पाहिली. हा क्रम चुकवू नये. तीनशे मिलिलिटर पाणी सोडलं, दहा मिनिटं थांबलो, गाडीखाली चमचाभर थेंब. उरलेलं पाणी आत. आधीच दोन लिटर सोडलं असतं तर डाव्या सीटचा गालिचा भिजला असता. खालून नळी ओढून काढली, लव आणि माती यांची बोटभर लांब वात निघाली. मऊ वायर फिरवली, कमी दाबाची हवा मारली. त्यानंतर साचलेलं पाणी भसकन बाहेर.

वरची गादी लांब चिमट्याने आणि व्हॅक्यूमच्या पातळ नळीने कोरडीच काढली. ओल्या लवेचा लगदा होऊन तो पट्ट्यांच्या आत घुसतो, म्हणून पाणी नंतर. मग कॉइल क्लीनरचा फेस, पंधरा मिनिटं, त्यावर हाताच्या पंपाने दोन लिटर पाणी थोडं थोडं. प्रेशर वॉशर अजिबात नाही, पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते. पहिलं पाणी चहासारखं, शेवटचं स्वच्छ. बादलीत मोजून पावणेदोन लिटर परत आलं, बाकी कॉइलला चिकटलेलं. एसी बंद ठेवून ब्लोअर दोनवर अर्धा तास, सुकायला.

मधल्या जाळीत आता 6.4 मीटर प्रति सेकंद. दुपारी तीन वाजता, बाहेर 41: लो 36, हाय 238, कॉम्प्रेसर सलग चालतो. जाळीत 14 अंश. हवा दुप्पट झाल्यावर तापमान थोडं चढणार हे धरलेलं होतं, पण 14 जरा जास्त वाटले.

हीटरचा पडदा, म्हणजे हीटर कॉइलकडे जाणारी हवा अडवणारी झडप, पाहिला. नॉब पूर्ण थंडवर असताना केबल ढिली, पडदा शेवटच्या सेंटिमीटरला मिटतच नव्हता. फटीतून हीटर कॉइलची गरम हवा गार हवेत मिसळत होती. या गाडीत कूलंट अडवणारा वॉल्व्ह नाही, हीटर कॉइल कायम गरमच असते, त्यामुळे पडदा नीट मिटणं हाच एकमेव अडसर. पडद्याच्या कडेच्या स्पंजात अडकलेली लव काढली, केबलची क्लिप चार मिलिमीटर मागे घेतली. जाळीत 11 अंश.

हीटरही तपासून घेतला. सोलापुरात तो कोण लावतं, असं वाटेल. पण पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरली की एसी आणि हीटर एकत्र लावून, बाहेरची हवा घेऊन, ती सर्वांत लवकर जाते. आणि उन्हाळ्यात घाटात इंजिन तापू लागलं तर एसी बंद करून हीटर पूर्ण उघडणं म्हणजे एक जादा छोटा रेडिएटर मिळणं. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही होज हाताला सारखे गरम, जाळीत 58 अंश. ठीक. एकच होज गरम आला असता तर हीटर कॉइल चोक.

3 मे, शनिवार

फेरतपासणी. गाडी उन्हात उभी होती, डॅशबोर्डच्या आत 47 अंश. ब्लोअर अर्धा तास दोन नंबरवर चालवला. रेझिस्टरमध्ये सर्वांत जास्त उष्णता याच नंबरला होते, सुमारे 34 वॅट. कपलरचं प्लास्टिक 59 अंश. कॉमन सांध्यात चार नंबरवर ड्रॉप 0.04, काहीच वाढ नाही. करंट 11.9.

फिल्टरवर अडीच आठवड्यांत पातळ पांढरा थर. झटकला, परत बसवला. गाडी आता शेडच्या दुसऱ्या बाजूला, एक्झॉस्ट पंख्यांपासून लांब उभी करतात.

21 जून, शनिवार

पावसाचे पहिले काही झोडपे होऊन गेले. डाव्या बाजूचा गालिचा कोरडा. वायपरच्या जाळीखाली पुन्हा मूठभर पाला, काढला. एसी वीस मिनिटं चालवल्यावर नळीतून पाण्याची सलग धार. चारही स्पीड चालू, चार नंबरवर 12.0 अँपिअर. पुढची मोजणी सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर: करंट, कॉमनचा ड्रॉप, फिल्टर आणि दोन्ही भोकं.